जयलक्ष्मी टीचरची पेशी

वाणी: नाही मामा, कॉफी नंतर. टीचर मागच्या अंगणात आहेत का? आधी त्यांना हे दाखवते, मग तुमच्याशी बोलते.

पांडुरंगराव: वाणी, तू बस आधी.

वाणी: बसते हो. पण एवढे दिवस मेसेज करतेय, एकालाही उत्तर नाही. म्हटलं, रागावल्या असणार. बेंगळुरूला गेल्यापासून फिरकले नाही ना. आज चोळपुरमला घरात पिशवी टाकली आणि तशीच बस धरून इकडे आले. खूप रागावल्यात?

पांडुरंगराव: रागावली नाही ती.

वाणी: मग फोन का बंद आहे?

पांडुरंगराव: त्याला चार्जिंगला लावायला कोणी नाही. वाणी, ती गेली.

वाणी: कुठे? हरिणीकडे?

पांडुरंगराव: हरिणी आईसाठी येऊन परतही गेली. गोकुळाष्टमी झाली, त्यानंतर लगेच ती गेली. पोटाचा आजार होता. तुला कळवायचं राहून गेलं, पोरी. कोणाकोणाला कळवलं तेच मला आठवत नाही.

वाणी: मामा, मी टीचरबद्दल विचारतेय.

पांडुरंगराव: मीही तिच्याबद्दलच सांगतोय.

मीनाक्षीबाई: कोण गे रडतंय? पांडू, कोणाला रडवलंस?

पांडुरंगराव: वाणी आली आहे, अक्का. चोळपुरमच्या सेतूरावांची नात. जयाच्या वर्गात होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

मीनाक्षीबाई: अय्यो. रड गे, रड. लाजू नकोस. या घरात कोणीतरी रडायला पाहिजे. माझं रडून झालं आणि हा रडत नाही. हा घासत बसतो.

वाणी: काय घासतात?

मीनाक्षीबाई: हाताला लागेल ते. दुकानातल्या समया झाल्या, देवाची भांडी झाली. माझा पानाचा डबा घासून सपाट केला. माझ्या लग्नातला डबा.

पांडुरंगराव: त्यावर हिरवं चढलं होतं, अक्का.

मीनाक्षीबाई: वेली होत्या त्या! पानं होती, फुलं होती. आता बघ, आरसा झालाय. त्यात माझंच तोंड दिसतं, आणि ते बघायची मला हौस नाही.

वाणी: आजी, तुम्ही इथेच राहता आता?

मीनाक्षीबाई: आजी नको म्हणू. दात आहेत माझे. आत्या म्हण. हो, इथेच. हा एकटा राहिला तर भिंतीसुद्धा घासेल.

पांडुरंगराव: दाखवायला काय आणलं होतंस?

वाणी: काही नाही हो. मणी. टीचरनी शेवटच्या मेसेजमध्ये मागवले होते. दोन मापांचे पाहिजेत म्हणाल्या, मोहरीएवढे आणि त्याहून थोडे मोठे. कोलूसाठी.

पांडुरंगराव: म्हणजे सेलसाठी.

वाणी: तुम्हाला माहीत आहे?

पांडुरंगराव: ती करत होती ना, आषाढापासून. दरवर्षी नवरात्रात कोलूच्या बाहुल्या पायऱ्यांवर बसल्या की त्यांच्यासमोर ती काहीतरी मांडायची. एकदा लगद्याचं हृदय केलं होतं, एकदा झाडाचं पान.

वाणी: पानाच्या वर्षी मी होते. आम्ही सगळ्या मुली चण्याचं सुंडल खायला यायचो आणि टीचर पकडून शिकवायच्या. हात चण्यानं भरलेले, पळताही यायचं नाही.

पांडुरंगराव: यंदा सेल, जीवाच्या अंगात असतो तो. अर्धा करून गेली. मी पुरा केला. शुक्रवारी नववीच्या मुली येणार आहेत बघायला.

मीनाक्षीबाई: येणार नाहीत. वाणी, तूच सांग याला. घरात बाई गेली आहे, वर्ष व्हायचं आहे. वर्षाच्या आत कोणी कोलू मांडतं? आपल्या मराठी घरांत नाही आणि इथल्या तमिळ लोकांतही नाही. शेजारची भुवनेश्वरी मला काल विचारत होती, ‘खरंच मांडणार?’ मला तोंड लपवावं लागलं.

पांडुरंगराव: मी कोलू मांडत नाही, अक्का. पायऱ्या माळ्यावरच आहेत. बाहुल्या पेटीत आहेत. एकही देव बाहेर काढत नाही. फक्त तिचा सेल टेबलावर ठेवणार.

मीनाक्षीबाई: नवरात्रात ठेवणार ना? मुली येणार ना? मग कोलू नव्हे तर काय, तिरुनागेश्वरमची जत्रा?

वाणी: मामा, तुम्ही पुरा केला म्हणालात. मी बघू?

पांडुरंगराव: ये. खिडकीजवळ ठेवलाय. वरचं फडकं मी काढतो. हे बघ.

वाणी: मामा…

पांडुरंगराव: सांग की. टोपली तिची, वरचा कागदाचा लगदाही तिचा. मधली नारळाची करवंटी तिनेच बसवली, आतून लगद्याचा थर देऊन. खडबडीत होतं सगळं. तेराव्यानंतर मी हातात घेतलं. आता हात फिरव. कुठे काही लागतं का?

वाणी: नाही लागत. मामा, करवंटीला भोकं होती ना? टीचरनी मला फोटो पाठवला होता. सगळीकडून बारीक बारीक भोकं.

पांडुरंगराव: होती. रंगाऱ्यांची लांबी भरून बुजवली.

वाणी: बुजवली?

पांडुरंगराव: बुजवली आणि वरून काचकागद मारला. कळतसुद्धा नाही ना कुठे होती ते?

मीनाक्षीबाई: अय्यो. पांडू, तिचं तोंड बघ.

वाणी: आणि आत… करवंटीच्या आत काही नव्हतं?

पांडुरंगराव: आत एक गाठ राहिली होती लगद्याची. एका बाजूला. ती काढली मी.

वाणी: काढली म्हणजे?

पांडुरंगराव: गोल कानस मारली. आतून भुसभुशीत होती, दोनदा फिरवताच पडली. मग सारखं करून घेतलं. काय झालं, वाणी? असं काय करतेस? साच्यातून समई येते तेव्हा अंगावर गाठी असतात, भोकं असतात. गाठ दिसली की घासायची, भोक दिसलं की बुजवायचं. जन्मभर तेच केलं मी. मला दुसरं काय येतं?

वाणी: मामा, ती गाठ राहिली नव्हती. टीचरनी मुद्दाम केली होती. सेलमधला तो एक भाग आहे.

पांडुरंगराव: मुद्दाम?

वाणी: हो.

पांडुरंगराव: तिच्या हातची शेवटची…

मीनाक्षीबाई: तू बस खाली. वाणी, खुर्ची दे त्याला.

पांडुरंगराव: मला खुर्ची नको. मला सांग ते काय होतं. साधं सांग. ती मला जेवताना सांगायची, मी ऐकायचो. सगळं कळायचं नाही, पण ऐकायचो. या गाठीचं तिनं सांगितलं नाही.

वाणी: बरं. ही टोपली म्हणजे अख्खा सेल, पेशी. करवंटी म्हणजे तिचं केंद्रक. आणि केंद्रकाच्या आत जी गाठ होती, ती केंद्रिका.

मीनाक्षीबाई: मराठीत सांग गे.

वाणी: हे मराठीच आहे, आत्या. पुण्याचं. आमच्या लॅबमध्ये पुण्याची एक मुलगी आहे, तिच्याकडून मी शिकले. टीचरना सांगितले हे शब्द, तर त्यांनी दिवसभर घोकले. म्हणाल्या, आपण घरात बोलतो त्या भाषेत ह्याला नाव आहे, आणि मला या वयात कळतंय.

मीनाक्षीबाई: पुण्याच्या लोकांना आपलं बोलणं ऐकून हसू येतं म्हणे.

वाणी: येतं की. ती म्हणते, वाणी, तू जुन्या बखरीतल्यासारखी, कमरेला तलवार लावून बोलतेस.

पांडुरंगराव: केंद्रिका काय करते ते सांग.

वाणी: पेशीला जगायला, वाढायला प्रथिनं लागतात. ती प्रथिनं जोडणारी बारीक यंत्रं असतात. रायबोसोम म्हणतात त्यांना. एकेका पेशीत लाखो. हे मणी त्यांचेच. आणि ती यंत्रं जिथे तयार होतात, ती जागा म्हणजे केंद्रिका.

पांडुरंगराव: म्हणजे कारखान्यात लागणारी यंत्रं बनवायचा कारखाना.

वाणी: बरोबर.

पांडुरंगराव: मग त्याला भिंत पाहिजे, दार पाहिजे. ही गाठ नुसती लावलेली होती. कडासुद्धा धड नव्हत्या. म्हणून तर मला वाटलं, चुकून राहिली.

वाणी: तिला भिंत नसतेच, मामा. करवंटीला, म्हणजे केंद्रकाला पडदा असतो. केंद्रिकेला काही नाही. टीचरनी अगदी बरोबर केलं होतं.

मीनाक्षीबाई: भिंतीशिवाय कारखाना? माल इकडेतिकडे जात नाही?

वाणी: आत्या, गरम सारावर तुपाचा थेंब टाकला की काय होतं?

मीनाक्षीबाई: तरंगतो.

वाणी: सार आणि तूप यांच्या मधे भिंत असते?

मीनाक्षीबाई: नसते. पण तूप तूप राहतं आणि सार सार राहतं.

वाणी: आणि दोन थेंब एकमेकांना लागले की?

मीनाक्षीबाई: एक होतात. एवढं सांगायला बेंगळुरूहून आलीस?

वाणी: केंद्रिका तशीच असते. एका केंद्रकात कधी एक असते, कधी दोन-तीन. एकमेकींना भेटल्या तर एक होतात. पण थेंबासारखी असली तरी आत रचना असते. टीचर तिला तीन रंग देणार होत्या. अगदी आत मूळ आराखडा, डीएनएचा एक ठरावीक भाग. त्याच्या कडेला त्या आराखड्याची नक्कल निघते. आणि बाहेरचा भाग दाणेदार. तिथे त्या नकलेला प्रथिनं येऊन चिकटतात आणि यंत्राचे दोन तुकडे तयार होतात, एक मोठा आणि एक लहान.

पांडुरंगराव: म्हणून दोन मापांचे मणी.

वाणी: हो. ते दोन तुकडे आत जोडत नाहीत. वेगवेगळे बाहेर पडतात आणि बाहेर काम निघालं की मग एकमेकांवर बसतात.

पांडुरंगराव: समईसारखं. पाया वेगळा, दांडा वेगळा, वरचं तबक वेगळं. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पिळून बसवायचं. जोडलेली समई बसमधून नेली तर दांडा वाकतो.

वाणी: टीचर वर्गात हेच सांगायच्या.

पांडुरंगराव: काय सांगायच्या?

वाणी: ‘आमच्या घरच्या समईसारखं’ म्हणायच्या. ‘तुमचे मामा अख्खी समई कधी देत नाहीत, तुकडे देतात.’ अख्ख्या शाळेला तुमचं दुकान माहीत आहे ते त्यामुळेच.

पांडुरंगराव: मला कधी बोलली नाही हे.

मीनाक्षीबाई: तुला बोलली असती तर तू म्हणाला असतास, माझ्या धंद्याच्या गोष्टी शाळेत कशाला.

पांडुरंगराव: म्हटलं असतं. थांब. ते तुकडे बाहेर पडतात म्हणालीस. करवंटीतून बाहेर कुठून पडतात?

वाणी: जाऊ दे ना, मामा.

पांडुरंगराव: भोकांतून?

वाणी: हो. भोकांतून.

मीनाक्षीबाई: झालं. कारखाना पाडला आणि दारंही लिंपली.

पांडुरंगराव: भोकं उघडता येतील. दाभणानं एकेक उघडीन. पण ती गाठ कचऱ्यात गेली, वाणी. भुगा होता नुसता. मी फुंकून टाकला.

वाणी: परत करू. लगदा भिजवू, मी करते. टीचरनी शिकवलंय मला. न्यूक्लिओलस करणं काही अवघड नाही.

पांडुरंगराव: काय म्हणालीस?

वाणी: अवघड नाही म्हटलं.

पांडुरंगराव: त्याच्या आधी. इंग्रजी नाव.

वाणी: न्यूक्लिओलस. एकाहून जास्त असले तर न्यूक्लिओलाय म्हणतात.

पांडुरंगराव: तो शब्द मला ठाऊक आहे.

वाणी: टीचर म्हणत असतील.

पांडुरंगराव: ती नाही. डॉक्टर म्हणाले. तिच्या पोटातला तुकडा काढून तपासला ना, त्याचा कागद घेऊन मला बाहेर बोलावलं. कागदावर बोट ठेवून म्हणाले, पेशींची ठेवण चांगली नाही, आणि हे न्यूक्लिओलाय बघा, मोठे आहेत, ठळक आहेत. बाकीचं मला काही समजलं नाही. तेवढा एक शब्द धरून ठेवला. बसमध्ये घरापर्यंत म्हणत आलो, हरिणीला फोनवर सांगायचा होता म्हणून.

वाणी: मामा…

पांडुरंगराव: मग नको. बरं झालं घासलं. ते परत करू नकोस. त्यानंच नेलं तिला. माझ्या घरात टेबलावर ते नको, मुलींच्या समोर तर नकोच.

वाणी: मामा, ऐका. केंद्रिका म्हणजे आजार नव्हे. तुमच्या अंगातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत ती आहे. माझ्या, आत्यांच्या, त्या बाहेरच्या केळीच्या पानातसुद्धा. ती नसेल तर पेशी जगणारच नाही.

पांडुरंगराव: मग डॉक्टरांनी तिच्यावर बोट का ठेवलं?

वाणी: कारण ती दिसते. कॅन्सरच्या पेशीला थांबायचं कळत नाही. सारखं वाढायचं, दोनाचे चार व्हायचं. त्याला प्रथिनं जास्त लागतात, प्रथिनांना यंत्रं जास्त लागतात. मग केंद्रिका रात्रंदिवस यंत्रं करत बसते आणि मोठी होते. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघतात, तेव्हा त्यांना ती ठळक दिसते. त्यावरून त्यांना कळतं, ही पेशी घाईत आहे. हुकूम दुसरीकडून आलेला असतो, मामा. ही फक्त राबते.

मीनाक्षीबाई: ज्या घरी पंगत मोठी, तिथला स्वयंपाकी घामाघूम. त्याला कशाला शिव्या द्यायच्या?

पांडुरंगराव: तू हे मला बरं वाटावं म्हणून सांगतेस.

वाणी: नाही. पुस्तकात आहे. तुम्हाला बरं वाटावं असं सांगायचं तर मी दुसरं सांगितलं असतं.

पांडुरंगराव: काय?

वाणी: की पेशीची दोन व्हायची वेळ आली की केंद्रिका विरघळते. दिसेनाशी होते. आणि दोन पेशी झाल्या की दोन्हींत परत जमते, त्या डीएनएच्या ठरावीक भागाभोवती. जागा ठरलेली असते.

पांडुरंगराव: हे खरं आहे?

वाणी: खरं आहे. परीक्षेत येतं. पण त्याचा अर्थ टीचर परत येतात असा होत नाही, म्हणून सांगत नव्हते.

पांडुरंगराव: ते मला कळतं, पोरी.

मीनाक्षीबाई: मी कॉफी ठेवते. दोघं जेवल्यासारखी दिसत नाहीत.

पांडुरंगराव: थांब, अक्का. वाणी, करायचं असेल तर जसं होतं तसं करू. लगदा घे.

वाणी: घेते. केवढी होती?

पांडुरंगराव: लिंबाएवढी.

वाणी: लिंबाएवढी? या करवंटीत?

पांडुरंगराव: हो. उगाच नाही नजरेत भरली ती. लहान असती तर राहू दिली असती कदाचित.

वाणी: नक्की आठवतं? बोराएवढी पुरते या करवंटीला.

पांडुरंगराव: मी घासली आहे. माझ्या हाताला माप कळतं. चांगलं रसाचं लिंबू.

वाणी: असेल. वर्गात टीचर सगळं मोठंच करायच्या. मागच्या बाकावरून दिसलं पाहिजे म्हणायच्या.

पांडुरंगराव: मग यातलं बाकीचं का नाही मोठं केलं?

वाणी: म्हणजे?

पांडुरंगराव: बाकीचं सगळं मापात आहे ना. करवंटी मापात, भोकं मापात. हीच एक कशी मोठी झाली? वाणी, तुला खोटं बोलता येत नाही. तुझे कान लाल झालेत.

वाणी: मामा, टीचरना आजाराचं नाव माहीत होतं?

पांडुरंगराव: नाही. हरिणीनं आणि मी ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत, त्रास कमी करता येईल. म्हटलं, मग नाव कशाला? अल्सर आहे असं सांगितलं. तिनं मान्य केलं.

वाणी: कागद कुठून आणला होता?

पांडुरंगराव: इथल्याच लॅबमधून. का?

वाणी: या गावात कुठली लॅब आहे जिथे टीचरनी शिकवलेली एकही मुलगी नाही? आमच्या वर्गातली अक्षया आहे, तिच्या मागची बॅच आहे. टीचरनी नुसतं विचारलं असतं तरी…

पांडुरंगराव: तिनं मला काही म्हटलं नाही.

वाणी: मला खात्री नाही, मामा. मी फक्त म्हणतेय. ती एकच होती की दोन होत्या? गोल होती की वेडीवाकडी?

पांडुरंगराव: मी बघितलं नाही.

वाणी: थोडं तरी आठवा.

पांडुरंगराव: बघितलंच नाही, तर आठवू काय? मला गाठ दिसली आणि मी कानस उचलली. तेवढंच. अक्का, तू कॉफी ठेवायला जात होतीस ना? उभी का राहिलीस?

मीनाक्षीबाई: काही नाही.

पांडुरंगराव: तू गप्प बसतेस तेव्हा काहीतरी असतं. आठवतंय तेव्हापासून मी बघतोय.

मीनाक्षीबाई: मला काय कळतं पेशीतलं?

पांडुरंगराव: अक्का.

मीनाक्षीबाई: जया ती गाठ लावत होती ना, तेव्हा मी आले होते पाहुणी म्हणून. शेजारी चिंच निवडत बसले होते. मी म्हटलं, जया, एवढं छान केलंस आणि मधेच हे काय थापलंस? फार मोठं दिसतं, वाईट दिसतं. ती म्हणाली, ‘वन्सं, ही फार काम करते आहे.’

वाणी: असं म्हणाल्या?

मीनाक्षीबाई: हो. मी म्हटलं, माझ्यासारखी की काय. ती हसली. मला वाटलं, शाळेतलं काहीतरी असेल. मग म्हणाली, ‘यांच्या हातात देऊ नका हं, घासून टाकतील.’

पांडुरंगराव: आणि तू मला सांगितलं नाहीस?

मीनाक्षीबाई: सांगणार होते रे. ज्या दुपारी तू कानस घेऊन बसलास, मी आत आडवी झाले होते. उठून आले तर करवंटी गुळगुळीत. तू मला बोट फिरवून बघायला सांगितलंस. किती दिवसांनी तुझ्या तोंडावर जरा बरं वाटल्यासारखं दिसत होतं. मग काय सांगू? आणि त्यात एवढं होतं हे मला कुठे ठाऊक? मला वाटलं, लगदाच तर आहे.

वाणी: मामा, पाणी देऊ?

पांडुरंगराव: तिला माहीत होतं.

वाणी: हो. वाटतं तसं.

पांडुरंगराव: ती मला विचारायची, ‘अल्सरला ताक चांगलं ना हो?’ मी म्हणायचो, हो, थंड असतं. रोज दुपारी मी करून द्यायचो, आलं-कढीपत्ता न घालता, तिखट नको म्हणून. तिला बेचव ताक आवडत नाही. तरी ती पेला संपवायची. मी समोर बसलेलो असायचो. पेला खाली ठेवून म्हणायची, आज जरा कमी दुखतंय.

मीनाक्षीबाई: पांडू.

पांडुरंगराव: कमी दुखत नव्हतं, अक्का. मला वाटायचं, मी तिला सांभाळतोय.

मीनाक्षीबाई: रड आता. मी बाहेरचं दार लोटते. भुवनेश्वरी आली तर सांगीन, झोपलाय.

(आत मिक्सरमध्ये भिजलेला कागद फिरतो आणि थांबतो.)

वाणी: मामा, लगदा झाला. डिंक घातलाय. हा बघा, घट्ट आहे ना?

पांडुरंगराव: थोडं पाणी पिळून काढ. हं. आता दे माझ्याकडे.

वाणी: केवढी करायची ते तुम्ही ठरवा. पुस्तकात चांगल्या पेशीची आहे, तशी केली तर बोराएवढी. मुली चित्र बघून ताडून पाहतात, त्यांना तीच ओळखीची वाटेल.

मीनाक्षीबाई: बोराएवढी कर, पांडू. आजाराची वस्तू कशाला सणासुदीला?

पांडुरंगराव: तू तर म्हणालीस, सण नाही.

मीनाक्षीबाई: नाहीच. कोलू नाही, आरती नाही, हळदीकुंकू नाही. मुली येतील, टेबलावरचं बघतील, जातील. घरात टेबल असलं तर त्यावर काहीतरी ठेवलेलं असणारच. भुवनेश्वरीला मी तसं सांगीन. आणि आलेल्या मुली रिकाम्या हातानं जायच्या नाहीत. चणे भिजवीन. प्रसाद म्हणून नाही, खाऊ म्हणून.

वाणी: त्याला सुंडलच म्हणतात, आत्या.

मीनाक्षीबाई: म्हणू देत. नारळ कमी घालीन, म्हणजे सुंडल होणार नाही.

पांडुरंगराव: वाणी, शुक्रवारी तू आहेस ना?

वाणी: राहीन.

पांडुरंगराव: मग लिंबाएवढी करतो. तिनं केली होती तेवढी. मुली विचारतील, पुस्तकात लहान आहे, इथे मोठी का?

वाणी: विचारतीलच. टीचरच्या मुली आहेत. मी काय सांगू?

पांडुरंगराव: खरं सांग. की चांगल्या पेशीत बोराएवढी असते, आणि ही आजारी पेशी आहे, म्हणून हिला फार राबावं लागलं. ही वाईट नाही, हेही सांग, मला सांगितलंस तसं. सारावरच्या तुपाचं सांग. समईचंही सांग.

वाणी: समईचं तुम्ही सांगा.

पांडुरंगराव: मला वर्गासमोर बोलता येत नाही.

मीनाक्षीबाई: गिऱ्हाइकासमोर बोलतोस ते कोणत्या तोंडानं? दांडा दाखव, पाया दाखव, पिळून दाखव. त्या पोरी काय तुला खातात?

पांडुरंगराव: बघू.

वाणी: मामा, जरा हलक्या हातानं. फार गोल करताय.

पांडुरंगराव: सवय आहे गं.

वाणी: कडा सोडा तशाच. हां. आता करवंटीत एका बाजूला लावा, मधोमध नको. दाबू नका. नुसती टेकवा.

पांडुरंगराव: अशी?

वाणी: अशीच.

मीनाक्षीबाई: आता त्याच्या हातातली ती कानस काढून घे.

पांडुरंगराव: माझ्या हातात कानस नाही, अक्का.

मीनाक्षीबाई: खिशात आहे. मला दांडा दिसतोय.

पांडुरंगराव: घे. ठेव तुझ्याकडे.

वाणी: सुकायला उद्या दुपार होईल. मग तीन रंग. मणी मी भोकांच्या बाहेर चिकटवते, थोडे आतही, बाहेर निघालेत असे. भोकं तेवढी उघडायची आहेत.

पांडुरंगराव: ती मी आज उघडतो. लांबी कुठे कुठे भरली ते माझ्या बोटांना ठाऊक आहे.

वाणी: मग सगळं झालंच की, मामा. शुक्रवारपर्यंत काही राहत नाही.

पांडुरंगराव: सेलचं काही राहत नाही. तिच्याशी त्या आजाराबद्दल बोलायचं राहिलं.